दूध नाही, असं तिसऱ्या दिवशी ठरवू नका

पालघर जिल्ह्यातल्या आमच्या चिंचणीत कुणाकडे बाळंतीण घरी आली की दोन दिवसांत सगळ्या आळीला कळतं, आणि त्यानंतर लवकरच कुणीतरी माझ्या ओटीवर येऊन बसतं. बहुतेक वेळा बाळाची आजी असते. कधी बाळाचा बाप असतो, हेल्मेट हातात, बोलायचं कसं या विचारात पडलेला. सांगणं मात्र ठरलेलं. "सिस्टर, हिला दूधच नाही. बाळ रात्रभर रडतं. वरचं सुरू केलंय, पण एकदा येऊन बघाल का?" मुंबईच्या एका पालिका रुग्णालयात, प्रसूती विभागात आणि नवजात बाळांच्या कक्षात, नोकरी करून मी निवृत्त झाले आणि वडिलांच्या घरी परत राहायला आले. तेव्हापासून हेच करते. जाते, हात धुते आणि बाळंतिणीजवळ बसते.

ज्यांना खरोखरच दूध उतरत नाही अशा बायका असतात. थायरॉइडचा आजार, बाळंतपणात फार रक्त गेलेलं, वारेचा तुकडा आत राहिलेला, छातीवर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, अशी काही कारणं निघतात आणि तिथे डॉक्टरच हवेत. पण अशा मोजक्याच. बाकीच्यांना दूध असतं किंवा येणार असतं. शेजारी बसून दाखवणारं माणूस तेवढं नसतं.

पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी पाच ते सात मिली मावतं. चहाचा एक चमचा समजा. आईला येणारा चीकही तेवढाच असतो, घट्ट आणि पिवळसर. बाळाला रोगाशी लढायचं बळ देणारे घटक त्यात भरपूर असतात, आतड्याला आतून अस्तर मिळतं, पहिली काळी शी साफ व्हायला मदत होते. गाईच्या चिकाचा खरवस करून आवडीने खाणाऱ्या आपल्या घरांत बाईचा चीक मात्र "जड असतो" म्हणून पिळून टाकलेला मी पाहिला आहे. असं करू नका. भरून येणारं पांढरं दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं. सिझेरियन झालं असेल, पहिलंच बाळंतपण असेल, तर आणखी थोडा उशीर लागतो. म्हणजे ज्या तिसऱ्या दिवशी घरचे "दूध नाही" असा निकाल देतात, त्या दिवशी ते वाटेवर असतं. त्याच दिवशी पावडरच्या डब्याचं दूध पोटभर पाजलं की बाळ झोपतं, ओढत नाही. आणि बाळ ओढत नाही तोवर शरीराला दूध बनवायची खूणच मिळत नाही. आठवड्याभरात दूध खरंच कमी होतं आणि घरचे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत होतो.

बाळाला पुरतंय की नाही हे छाती दाबून कळत नाही, रडण्यावरूनही कळत नाही. ते लंगोटावरून कळतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू, पिवळी पातळसर शी, आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माचं वजन परत भरून आलेलं, एवढं असलं की दूध पुरतंय. पहिल्या दोनतीन दिवसांत वजन थोडं उतरतंच. मात्र ते दहा टक्क्यांच्या पुढे उतरलं, बाळ सुस्त पडलं, शू गडद किंवा विटकरी रंगाची होऊ लागली, तर माझी किंवा कुणाचीच वाट न पाहता बाळाला दवाखान्यात न्या.

घरी गेल्यावर मी आधी बाळ कसं धरलंय ते बघते. बहुतेक मुली पलंगावर कमरेत वाकून, बाळाला मांडीवर उताणं ठेवून, त्याची मान वळवून पाजत असतात. आपण मान वळवून पाणी प्यायलो तर एक घोट नीट जाणार नाही. मी तिला पाठीला उशी देऊन टेकवते. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. उजव्या बाजूला पाजायचं तर डाव्या हाताने बाळाची मान कानांच्या खाली धरायची, डोकं मागून दाबायचं नाही. उजव्या हाताने स्तन खालून आधार देऊन बाळाच्या ओठांना समांतर किंचित चपटा करायचा. मग थांबायचं. बोंडी बाळाच्या नाकासमोर ठेवली की ते वास घेतं, मान मागे टाकतं आणि जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडतं. त्या क्षणी त्याला जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकवून. बोंडीभोवतीचा काळा भाग खालून जास्त आणि वरून कमी असा तोंडात गेला पाहिजे. नुसती बोंडी ओढली तर चिरा पडतात, रक्त येतं, आणि बाळाला दूध मिळत नाही ते वेगळंच.

आयआयटी मुंबईच्या 'सिटारा' विभागाशी जोडलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी हीच पकड शिकवणारे व्हिडिओ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले आहेत. ते फुकट बघता येतात. मी मुलींच्या मोबाइलवर ते लावून देते, कारण मी निघून गेल्यावर रात्री दोन वाजता परत बघायला तेच उपयोगी पडतात.

"सुरुवातीला दुखतंच, सहन करायचं असतं" असं जुन्या बायका सांगतात. पहिल्या दिवसांत बाळ ओढायला लागताना थोडी कळ येते, ती लगेच थांबते. पूर्ण वेळ डोळ्यांतून पाणी येईल इतकं दुखत असेल तर पकड चुकते आहे. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि पुन्हा लावा. दहा वेळा लावावं लागलं तरी लावा.

आता खाण्यापिण्याचं. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा, खसखशीची खीर, आणि आमच्या किनाऱ्याच्या घरांत मुशीचं कालवण. या पदार्थांनी दूध वाढतंच असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, पण अळिवात लोह भरपूर असतं, माशात प्रथिनं असतात, आणि बाळंतिणीला लागतं ते अन्नच. पहिले सहा महिने तिला रोज साधारण सहाशे कॅलरी जास्त लागतात. लाडू जरूर द्या. त्याच घरात तिला पाणी मोजून मिळत असेल, भाज्या-फळं बंद असतील, तर ते चूक आहे. तिला तहान लागेल तेवढं पाणी प्यायला द्या. घुटी, मध, गुळाचं पाणी यातलं काहीही बाळाला नको. मध तर वर्षभर नकोच, त्यातल्या जंतूंमुळे लहान बाळाला लकवा मारल्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिन्यांपर्यंत पाण्याचा थेंबही लागत नाही, मे महिन्यातल्या उकाड्यातसुद्धा.

हे सगळं मी सुनेला सांगत नाही, आधी सासूला सांगते. सासू पटली की घर पटतं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठ्याने खालवर चोळलं की आईचं अंग सैल होतं आणि पान्हा फुटायला मदत होते, हे सांगितलं की आजीच्या हाताला काम मिळतं. तेल लावण्यात आपल्याकडच्या बायका तयार असतातच.

हाताने दूध काढणं प्रत्येक बाईला यायला हवं, पंप घेणार असो वा नसो. उकळलेली रुंद तोंडाची वाटी घ्यायची, हात साबणाने धुवायचे. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाचेक मिनिटं छातीवर ठेवायचं. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, बोंडीपासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी बोटं सरळ आत, बरगड्यांकडे दाबायची. मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणत पुढे दाबायचं, आणि सोडायचं. दाब, पिळ, सोड. बोटं कातडीवर घसरू द्यायची नाहीत आणि बोंडी ओढायची नाही. पहिला मिनिटभर काहीच येत नाही. मग थेंब येतात, मग बारीक धार लागते. धार थांबली की बोटांची जागा घड्याळाच्या काट्यासारखी थोडी फिरवायची, म्हणजे सगळ्या बाजू मोकळ्या होतात. ज्या मुलीचं बाळ अशक्त म्हणून अतिदक्षता कक्षात ठेवलंय तिने जन्मानंतर पहिल्या तासांतच हे सुरू करावं आणि दिवस-रात्र मिळून आठ-दहा वेळा करावं. रात्रीचं एकदा तरी चुकवू नये, दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं.

पंपाबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. रबरी फुग्याचा स्वस्त पंप मुळीच घेऊ नका. तो आतून स्वच्छ करता येत नाही आणि ओढ आवरता येत नाही. हाताने दाबायचा साधा पंप अधूनमधून काढण्यासाठी पुरतो. रोज दोन-तीन वेळा काढायचं असेल तर विजेवरचा, दोन्ही बाजूंना एकदम लागणारा, वेळ वाचवतो. छातीला लावायच्या नरसाळ्याचं माप बघून घ्या. बोंडी नळीत मोकळी पुढेमागे झाली पाहिजे, घासली नाही पाहिजे. घट्ट मापामुळे कितीतरी जणी "पंप दुखतो" म्हणून सोडून देतात. पंपाचा जोर सोसेल तेवढाच ठेवा, जोर वाढवला म्हणून दूध वाढत नाही. आणि पंपाने निघालेल्या दुधावरून आपल्याला किती दूध आहे ते ठरवू नका. नीट पकडलेलं बाळ यंत्रापेक्षा चांगलं ओढतं.

इथली एक मुलगी तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधांच्या पॅकिंगला जाते, कंत्राटदाराकडून. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि कामावर ये, नाहीतर दुसरी बघतो, असा निरोप आला. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ती रडत माझ्याकडे आली तेव्हा रुजू व्हायला तीन आठवडे होते, आणि तेवढा वेळ पुरेसा होता. पहाटेच्या पाजण्यानंतर ती एकदा हाताने काढू लागली. पहिल्या दिवशी वाटीचा तळ जेमतेम झाकला. आठवडाभराने अर्धी वाटी निघू लागली. रुजू होण्याआधी दुपारचं एक पाजणं आजीने बोंडल्याने द्यायचं असं ठरवलं, आई घराबाहेर असताना. आईचा वास आसपास असला की बाळ बोंडल्याला तोंड लावत नाही. बाटली नको, हे मी बजावलं होतं. बाटलीची सवय लागली की काही बाळं अंगावर पिताना गोंधळतात, आणि बाटलीचं बूच नीट उकळणं प्रत्येक घरात होत नाही. वाटी-चमचा किंवा बोंडलं धुवायला सोपं.

सकाळी पाजून ती शेअर रिक्षाने बोईसरला निघायची, दहा-बारा किलोमीटर. सुट्टीत दूध काढायला कंपनीत जागा म्हणजे बायकांचं संडास. तिथे मी काढू दिलं नाही. ती तिथल्या प्रथमोपचार खोलीतल्या नर्सशी बोलली आणि त्या बाईने दिवसातून दोनदा खोली उघडून दिली. कामाचा एप्रन बाहेर काढून ठेवायचा, कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच आत जायचं, कारण रसायनांच्या कारखान्यात हे पथ्य पाळलंच पाहिजे. ज्या बाईचं काम थेट द्रावकांशी किंवा औषधांच्या भुकटीशी येतं तिने कंपनीच्या डॉक्टरला आधी विचारावं आणि पाजते आहे तोवर दुसऱ्या विभागात काम मागावं. दूध झाकणाच्या स्टीलच्या डबीत, डबी नव्या थर्माकोलच्या खोक्यात, भोवती बर्फ झालेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. मासळीच्या गावात बर्फ कसा टिकवायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही. बाळाचा व्हिडिओ बघत काढलं की दूध लवकर सुटतं, हे तिनेच मला सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन अंगावर पाजणं, रात्री जवळ घेऊन पाजणं चालूच. बाळ वर्षाचं झालं तरी ते आईचं दूध पीत होतं.

साठवण्याचे नियम असे. ताजं काढलेलं दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, पण आपल्या किनाऱ्यावर मार्चपासून खोली त्याहून गरम असते, म्हणून काढल्याबरोबर बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजच्या आतल्या बाजूला चार दिवसांपर्यंत चालतं असं म्हणतात, मात्र आपल्याकडे वीज जाते, म्हणून मी एका दिवसाचाच हिशेब सांगते. वर साय जमते, ती बिघडल्याची खूण नाही, हलकेच घोळून घ्या. उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, कोमट पाण्यात डबी धरा. बाळाने पिऊन उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्या.

कायदा काय सांगतो तेही प्रत्येकीला ठाऊक हवं. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली सुधारणा झाली. पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेलं असावं लागतं. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या सुट्टीशिवाय दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळते. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघर, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा. सामाजिक सुरक्षा संहितेतही याच तरतुदी आहेत. कंत्राटावर आहे म्हणून हक्क नाही, हे खरं नाही. दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरच्या कामगार बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हे स्पष्ट केलं. ईएसआय कापला जात असेल तर रजेचे पैसे तिथून मिळतात. पॅकिंगला जाणाऱ्या त्या मुलीला हे ठाऊक असतं तर तिला इतक्या लवकर कामावर निघावं लागलं नसतं.

डब्यांच्या बाबतीतही कायदा आहे, १९९२ चा. दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या दूधपावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, आईला फुकट नमुना देता येत नाही. कुणी दवाखान्यात हातात डबा ठेवला तर तो घेऊ नका आणि तक्रार करा. डॉक्टरने खरंच गरज आहे म्हणून लिहून दिला तर मात्र मनाला लावून घेऊ नका. डब्यावरच्या मापाने, उकळून गार केलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने द्या. पावडर पुरवायला म्हणून पातळ करू नका. वरचं दूध पाजणारी आई कमी आई नसते, हे मी नेहमी सांगते.

आपल्या महाराष्ट्राने या कामात पुष्कळ केलेलं आहे. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. एखादीला जास्त असलेलं दूध तपासून, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिलं जातं. स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय ही देशव्यापी संस्था १९९१ च्या डिसेंबरात वर्ध्याला स्थापन झाली. नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याची पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभी केली, आणि आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ती त्यातूनच. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली तीन वर्षांखालची जेमतेम ४१.८ टक्के बाळं जन्मानंतर तासाभरात अंगावर प्यायलेली आढळली, आणि दहापैकी जवळजवळ नऊ बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणजे बाई दवाखान्यात पोचते, पण बाळाला तिच्या छातीशी लावायला कुणाला वेळ नसतो. मी वॉर्डात काम केलंय, गर्दी काय असते ते जाणते. तरीही तो पहिला तास सोडू नये असं मला ठामपणे वाटतं.

आमच्या पालघर जिल्ह्यात तर याला आणखी एक बाजू आहे. जव्हार-मोखाड्याकडच्या कुटुंबांतल्या बायका दिवाळीनंतर तान्ह्या बाळांसह वीटभट्ट्यांवर जातात. तिथे स्वच्छ पाणी नाही, डबा परवडत नाही. त्या बाळांना अंगावरचं दूध हाच आधार असतो, आणि ते टिकायला आईच्या पोटात अन्न हवं. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजनेचं एक वेळचं जेवण अंगणवाडीत असतं. भट्टीवर गेलेल्या बाईपर्यंत ते पोचायला हवं.

छाती दगडासारखी होऊन ताप आला, एक भाग लाल आणि गरम झाला, तर पाजणं बंद करू नका. दूध काढत राहा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

तारापूर-बोईसरच्या कारखानदारांना माझं मागणं मोठं नाही. आतून कडी लागणारी एक खोली, एक खुर्ची, हात धुवायला नळ, पंपासाठी विजेचा एक खटका आणि फ्रिजमधला एक कप्पा. आणि ज्यांच्या घरी आता बाळ येणार आहे त्यांनी दूधपावडरच्या डब्याची चौकशी करण्याआधी आपल्या आशाताईचा मोबाइल नंबर लिहून ठेवावा. तिसऱ्या दिवशी तिला फोन करा.